मेणबत्ती विझली, मग पाणी का चढलं?

प्रश्न: सर, मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवते. आमची लॅब म्हणजे एक कपाट, त्यातल्या निम्म्या परीक्षानळ्या फुटक्या. मुलं व्याख्या घडाघडा म्हणतात पण प्रश्न कुणीच विचारत नाही. परवा पाण्यात मेणबत्ती लावून वर ग्लास पालथा घालायचा प्रयोग दाखवला, टाळ्या वाजवल्या आणि गप्प. काय करू?
— एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: ताई, कपाटाचं टेन्शन सोडा, तुमचा मेणबत्तीचा प्रयोगच पुरे आहे. मी स्वतः तो कित्येक वर्षं चुकीचा शिकवलाय, हवेत ऑक्सिजन साधारण २१ टक्के, तो जळून संपला म्हणून तेवढं पाणी वर चढलं, लिहून घ्या, झालं! मग एकदा मागच्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, सर तीन मेणबत्त्या लावल्या तर? बरणी तीच, ऑक्सिजन तेवढाच, म्हणजे पाणीही तेवढंच चढायला हवं ना. लावल्या तीन, आणि पाणी चांगलं बोटभर जास्त चढलं. माझी पंचाईत, वर्गात नुसता कल्ला.

खरं कारण असं, की ज्योतीने आतली हवा तापून फुगते आणि थोडी बरणीच्या काठाखालून बाहेर पडते (बरणी झटकन ठेवली तर बुडबुडे दिसतात), मग ज्योत विझली की उरलेली हवा गार होऊन आकसते आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. तीन ज्योतींनी हवा जास्त तापते, एवढंच. ऑक्सिजन काही सगळा संपत नाही, आणि जो जळतो त्याच्या जागी कार्बन डायऑक्साइड आणि वाफ येतेच की. ज्योत विझल्यानंतर पाणी एकदम चढतं हे मुलांनाच बघू द्या, तुम्ही आधी बोलू नका.

फक्त काडी पेटवायच्या आधी प्रत्येकाकडून वहीत पेनाने लिहून घ्या, पाणी कुठवर चढेल आणि का, खाडाखोड चालणार नाही म्हणावं. अंदाज लिहिला की पोरं हट्टाला पेटतात, माझ्याकडे तर दोघं मधल्या सुट्टीत भांडत होते. मायकेल फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८६० च्या नाताळात लंडनला लहान मुलांसमोर एका मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली होती, आपण एक तास द्यायला काय हरकत?

बरणी काचेची घ्या, लोणच्याची चालते. आणि मुलींना ओढण्या, वेण्या मागे बांधायला लावा, पार वाकून बघतात.