वुवानीत नगरपालिकेच्या हद्दीवरून शाळा का जाळल्या गेल्या?

तुम्ही विचारलंय, दक्षिण आफ्रिकेतल्या वुवानीत नुसती नगरपालिका बदलली म्हणून शाळा जाळल्या हे खरं का, आणि पुढे भांडण मिटलं का.

खरं आहे. एप्रिल २०१६ च्या अखेरीस हद्दबदलाविरुद्धचा दावा वुवानीकर हायकोर्टात हरले आणि काही दिवसांत २० हून जास्त शाळा पेटल्या. त्या भागाविषयी मी बरीच वर्षं वाचतोय, तरी ही गोष्ट मला अजून सहन होत नाही. जळाल्या त्या त्यांच्याच पोरांच्या शाळा.

‘नगरपालिका’ म्हटलं की आपल्याला शहर दिसतं. तिथे २००० सालापासून देशातली सगळी जमीन, रानं आणि खेडीसुद्धा, कुठल्या ना कुठल्या नगरपालिकेत येते. तेव्हा डोळ्यासमोर तालुका आणा.

भांडणाचं मूळ वर्णभेदी राजवटीत आहे. तिने भाषेनुसार वेगळे प्रदेश आखले होते: व्हेन्डा भाषकांसाठी व्हेन्डा, त्सोंगा भाषकांसाठी गझान्कुलू. वुवानी पहिल्यात, आणि पुढे ज्याच्याशी ते जोडलं गेलं ते मालामुलेले गाव दुसऱ्यात. १९९४ मध्ये हे प्रदेश रद्द झाले. २००० मध्ये मालामुलेले थुलामेला नगरपालिकेत गेलं. तिचं मुख्यालय थोहोयान्डो, म्हणजे जुन्या व्हेन्डाची राजधानी. रस्ते, नोकऱ्या, कंत्राटं सगळं तिकडेच जातं, ही मालामुलेलेकरांची तक्रार. २०१५ च्या सुरुवातीला त्यांनी गाव बंद पाडून स्वतःची नगरपालिका मागितली. एकट्या मालामुलेलेच्या उत्पन्नावर ती चालेना, म्हणून सीमांकन मंडळाने मखाडो नगरपालिकेतलं वुवानी तोडून तिला जोडलं. एकाचं गाऱ्हाणं ऐकताना दुसऱ्याला विचारलं कुणी? माझ्या मते खरी चूक इथे झाली. याला नुसतं ‘जमातींचं भांडण’ म्हणणं मला पटत नाही. जिथे नगरपालिका हीच नोकरी देणारी मोठी जागा, तिथे मुख्यालय कुठे, यावर घरची चूल अवलंबून असते.

ऑगस्ट २०१६ च्या निवडणुकीत वुवानीच्या बहुसंख्य मतदारांनी मतदानच केलं नाही. नव्या नगरपालिकेला नाव मिळालं कॉलिन्स चाबाने. हे त्याच भागातले मंत्री, मार्च २०१५ मध्ये अपघातात गेले. मुख्यालय अर्थातच मालामुलेले.

मिटलं का? नाही. त्यात पैशाचा घाव बसला. नगरपालिकांनी म्युच्युअल बँकेत (म्हणजे सभासदांच्याच मालकीच्या बँकेत) ठेवी ठेवायला कायद्याने बंदी होती, तरी या कोवळ्या नगरपालिकेचे १२ कोटी रँड (तिथलं चलन) व्हीबीएस म्युच्युअल बँकेत गेले. मार्च २०१८ मध्ये बँकेवर प्रशासक नेमला गेला, मग आतली लूट उघड झाली. लिम्पोपोतल्या, म्हणजे त्याच प्रांतातल्या, आणखी कितीतरी नगरपालिका त्यात बुडाल्या. रस्ते-दिवे मागणाऱ्या माणसांचा तो पैसा होता, याचा मला आजही संताप येतो.

आणि नळाचं पाणी? ते या नगरपालिकेच्या हातात नाहीच. तिथे पाणीपुरवठा वरच्या व्हेंबे जिल्हा नगरपालिकेकडे आहे. मालामुलेलेने वेगळी चूल मांडली, तरी कोरड्या नळाची तक्रार घेऊन जायचं थोहोयान्डोलाच, कारण जिल्ह्याचं मुख्यालयही तिथेच.