भागाकारातली ‘बाकी’

भागाकाराच्या शेवटी जी संख्या उरते तिला ‘बाकी’च का म्हणायचे, ‘शेष’ किंवा ‘शिल्लक’ म्हटले तर चालणार नाही का, अशी विचारणा झाली आहे.

‘शेष’ चालतोच. संस्कृत गणितग्रंथांतला हा शब्द ‘निःशेष भाग जातो’ या प्रयोगात आणि बहुपदींच्या ‘शेष सिद्धांता’त आजही आहे. ‘बाकी’ मूळचा अरबी, फारसीमार्गे मराठीत आलेला. ‘वजाबाकी’तला ‘वजा’ही तसाच. 365 ला 7 ने भागले की भागाकार 52 येतो आणि बाकी 1 उरते; त्या एकामुळेच साध्या वर्षात 1 जानेवारी आणि 31 डिसेंबर एकाच वारी येतात. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, कारण ती तेवढी मोठी असती तर आणखी एकदा भाग गेला असता.

‘शिल्लक’ मात्र इथे मला पटत नाही. दिवाळीत घरातून ‘पाच लाडू शिल्लक आहेत’ असे ऐकू आले तर ते डब्यात आहेत, आपण हात घालू शकतो; ‘पाच लाडू बाकी आहेत’ म्हटले तर बहुधा ते अजून वळायचे आहेत. खात्यात असते ती शिल्लक, पण कर्जाचा हप्ता बाकी असतो, आणि तो फार दिवस तसाच राहिला की त्याची थकबाकी होते. व्हायचे राहून गेले आहे, हा भाव ‘बाकी’ला जितका सहज चिकटतो तितका ‘शिल्लक’ला चिकटत नाही. भागाकारातही ती संख्या भागली जायची राहिलेली असते, आणि पुढे दशांशचिन्ह देऊन शून्य जोडले की भागाकार तिच्यापासूनच पुन्हा सुरू होतो, म्हणून तिथे हाच शब्द मला नेमका वाटतो.

व्याकरणाच्या दृष्टीने, गणितातली बाकी स्त्रीलिंगी नाम आहे: बाकी उरली, बाकी शून्य आली. ‘बाकी मंडळी’ यात ती विशेषण होते आणि विकार घेत नाही. ‘बाकीची मंडळी’ हेही तितकेच शुद्ध. फोनवर मुख्य बोलणे आटोपले की आपण ‘बाकी काय म्हणता?’ असे विचारतो, तेव्हाही बोलायचे राहिलेलेच विचारत असतो. ‘तू बाकी कमाल केलीस’ या वाक्यात मात्र उरण्याचा अर्थ जवळजवळ पुसला गेला आहे. तिथे ‘बाकी’च्या जागी ‘मात्र’ घालून पाहावे, वाक्य तसेच उभे राहते.