बार्शी लाईट रेल्वे नेमकी काय होती आणि आज तिचं काय उरलंय?

तुम्ही लिहिलंय की ठाणे स्टेशनवर लातूर एक्सप्रेसची वाट बघताना शेजारचे आजोबा "आमच्या वेळची बार्शी लाईट" असं काहीतरी सांगत होते. ती कुठली गाडी, कोणाची, आणि आता गेली कुठे, हा तुमचा प्रश्न. आजोबा अगदी योग्य फलाटावर भेटले म्हणायचे. ज्या गाडीची तुम्ही वाट बघत होतात तीच कुर्डुवाडीच्या पुढे बार्शी लाईटच्या वाटेनं लातूरला जाते. रूळ बदलले, रुंदी बदलली, काही ठिकाणी मार्गही हलला, पण वाट बरीचशी तीच आहे.

मी मूळचा बार्शी तालुक्यातला, पोटापाण्यासाठी वाशीच्या दाणाबाजारात. त्यामुळे थोडं घरचं आणि थोडं वाचलेलं असं मिळून सांगतो.

मुंबईहून पुणे-सोलापूरकडे जाणारी जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे झाली तेव्हा बार्शी बाजूला पडली. स्टेशन मिळालं ते बार्शी रोड नावाचं, आणि ते बार्शीपासून वीसेक मैल लांब. आजचं कुर्डुवाडी ते हेच. बार्शी तेव्हा कापसाची मोठी पेठ होती. कापूस बैलगाड्यांवर लादायचा, वीस मैल न्यायचा, मग रेल्वेत चढवायचा. पावसाळ्यात काळ्या मातीतून भरलेली गाडी ओढायची म्हणजे काय, हे आमच्या भागात पाऊस बघितलेल्याला सांगावं लागत नाही.

जीआयपीत एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर होता. १८८२ साली तो नोकरीला हिंदुस्थानात आला आणि या बार्शीच्या वाहतुकीनं त्याच्या डोक्यात घर केलं. पुढे त्यानं नोकरी सोडली आणि कितीतरी वर्षं सरकारदरबारी खेटे घातले. शेवटी १८९५ मध्ये लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी टाऊन गाडी सुरू झाली. रुळांमधलं अंतर अडीच फूट. मुख्य लाईनचं साडेपाच फूट, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

इथे जरा थांबतो, कारण या रेल्वेची खरी करामत बहुतेकांना माहीत नसते. लोकांना वाटतं लहान रूळ म्हणजे लहान गाडी, स्वस्तातला मामला. कॅलथ्रॉपचं म्हणणं वेगळं होतं. रेल्वेचा खर्च रुळांच्या रुंदीपेक्षा वजनावर ठरतो, आणि तेही गाडीच्या एकूण वजनावर नाही, तर एका ॲक्सलवर, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या आसावर, किती वजन येतं त्यावर. रूळ किती जाड लागणार, खाली स्लीपर किती, पूल किती भक्कम, सगळं त्या एका आकड्यावर. बहुतेक गाड्यांमध्ये डबे हलके आणि इंजिन जड असतं. मग त्या एका इंजिनासाठी सगळा रस्ता जड करावा लागतो. त्यानं नियमच घातला: इंजिन असो की मालडबा, एका ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त वजन नाही.

मग इंजिन ओढणार कसं? तर वजन जास्त चाकांवर वाटून. लीड्सच्या किटसन कंपनीनं बार्शीसाठी जी इंजिनं बांधली त्यांना एकमेकांना जोडलेली आठ मोठी चाकं आणि मागे चार लहान, म्हणजे एकूण सहा ॲक्सल. डबे लांब आणि बोगींवर, म्हणजे दोन्ही टोकांना वळू शकणाऱ्या चाकांच्या गाड्यांवर बसवलेले, त्यामुळे अडीच फुटांच्या रुळांवरही भरपूर माल मावायचा. एवढं जमल्यावर रूळ पुरले ते यार्डाला तीस पौंडांचे, म्हणजे मीटरला पंधराएक किलो. आज मुख्य लाईनवर मीटरला साठ किलोचा रूळ घालतात, यावरून अंदाज घ्या. हे सगळं सामान इकडे पाठवण्याआधी १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले इथे रूळ टाकून, इंजिनिअर मंडळींना बोलावून त्यानं चालवून दाखवलं होतं. माझं मत विचाराल तर बार्शी लाईट ही मागास भागाची गरीब रेल्वे नव्हतीच. त्या वेळी तिच्या जातीतली ती सगळ्यात विचारपूर्वक बांधलेली रेल्वे होती.

कॅलथ्रॉप माणूसही भलताच. त्याच्या एका मित्राचा, रोल्स-रॉइसमधल्या चार्ल्स रोल्सचा, १९१० मध्ये विमान अपघातात मृत्यू झाला. त्यानंतर हा पॅराशूटच्या मागे लागला आणि 'गार्डियन एंजल' नावाचं पॅराशूट तयार केलं. शिवाय अरबी घोड्यांची पैदास करायचा. बार्शीत हे कोणाला सांगितलं की "आपला लाईटवाला साहेब?" असं विचारून लोक आणखी एक चहा मागवतात.

बार्शीच्या अनुभवावर त्यानं इंग्लंडातही अशीच एक अडीच फुटी रेल्वे उभारली, स्टॅफर्डशरमध्ये, लीक अँड मॅनिफोल्ड नावाची. १९०४ साली ती सुरू झाली. तिच्या इंजिनांना हिंदुस्थानी पद्धतीचे भलेमोठे पुढचे दिवे होते. ती तीस वर्षांत, १९३४ ला बंद पडली आणि तिच्या जागी पायवाट झाली. बार्शीची मात्र शंभरी ओलांडून चालली.

विस्तार भराभर सांगतो. १९०६ ला पंढरपूर. बार्शीच्या पुढे तडवळे, मग १९११ ला लातूर. १९२७ ला पंढरपूरहून मिरज. मिळून ३२५ किलोमीटर. लातूरकडचा भाग निजामाच्या राज्यात, मिरज संस्थानात, मधला मुलूख इंग्रजांचा. एका खासगी कंपनीची गाडी रोज या तिन्ही राजवटींतून जात होती. १ जानेवारी १९५४ ला सरकारनं ती विकत घेतली आणि ती मध्य रेल्वेत आली.

ही १९५४ ची खरेदी मला फार महत्त्वाची वाटते. विदर्भातली शकुंतला एक्सप्रेस ऐकली असेल, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. तीही अडीच फुटी, तीही कापसासाठीच बांधलेली. पण ती स्वातंत्र्यानंतरही कंपनीच्या मालकीची राहिली, करार, नूतनीकरण, भाडं यांत अडकली आणि रुंदीकरणाची, म्हणजे रूळ साडेपाच फुटी करण्याची, नुसती चर्चा होत राहिली. बार्शी लाईट वेळेवर सरकारी झाली म्हणून तिच्यावर निदान पैसे घालता आले.

कंपनी कापसासाठी आली खरी, पण लोकांच्या लक्षात ती राहिली वारीमुळे. आमच्याकडे रीत अशी की एकादशी पंढरपूरला आणि द्वादशी बार्शीच्या भगवंताला. अंबरीष राजाच्या द्वादशीच्या व्रताची कथा बार्शीचीच. आता नकाशा बघा: पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, एकाच लाईनवर. वारीच्या दिवसांत डब्यात जागा संपली की लोक टपावर बसायचे. माझी आजी सांगायची, खिडकीतून आधी गाठोडं आत टाकायचं, मग पोर, आणि मग स्वतः दारातून जमेल तसं. गाठोड्यात दशम्या आणि शेंगादाण्याची चटणी. गाडीत बसलं की कोणीतरी टाळ काढायचंच, आणि मग गाडी कितीही रखडली तरी तक्रार नाही.

ती हळू होती, हे खरं. पण "चालत्या गाडीतून उतरून पाणी पिऊन पुन्हा चढता यायचं" हा किस्सा मला कोणी सांगितला की मी हसतो आणि सोडून देतो. हाच किस्सा माथेरानच्या गाडीचा, शकुंतलेचा, देशातल्या प्रत्येक छोट्या गाडीचा सांगतात. वेगापेक्षा तिचा खरा जाच दुसराच होता. कुर्डुवाडीला रूळ बदलायचे, म्हणजे प्रत्येक पोतं, प्रत्येक गठडी छोट्या डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात चढवायची. ज्यानं बाजारात आयुष्य काढलंय त्याला याचा अर्थ लगेच कळतो: हमाली दोनदा, फाटणं-सांडणं दोनदा, वेळ वाया. कुर्डुवाडी गाव याच उतरवण्या-चढवण्यावर आणि रेल्वेच्या वर्कशॉपवर मोठं झालं. पण रस्ते सुधारले आणि दारातून उचलून दारात टाकणारा ट्रक आला, तसा मालाचा धंदा हळूहळू तिकडे गेला. आज लातूरची तूरडाळ आमच्या दाणाबाजारात येते ती ट्रकनंच.

आता रुंदीकरण. शतक पालटताना कुर्डुवाडी-पंढरपूर मोठं झालं. २००७ मध्ये लातूर-उस्मानाबाद, २००८ मध्ये उस्मानाबाद-कुर्डुवाडी, आणि २०११ च्या सुमारास पंढरपूर-मिरज. यात एक मोठा बदल झाला जो फार कोणी सांगत नाही. जुनी लाईन रामलिंगच्या घाटातून येडशीला चढून तशीच पुढे तडवळ्याकडे जायची. उस्मानाबाद, म्हणजे आताचं धाराशिव, जिल्ह्याचं ठिकाण असूनही तिच्यावर नव्हतंच. रुंदीकरण करताना येडशीपासून मार्ग दक्षिणेकडे वळवून धाराशिवला नेला. लांबी वाढली, पण जिल्ह्याच्या गावाला शंभर वर्षांनी रेल्वे मिळाली. उलट लातूरचं जुनं स्टेशन गावाच्या मध्यात होतं, नवं गावाबाहेर गेलं. म्हातारी माणसं अजून त्यावरून कुरकुरतात, आणि रिक्षाचं भाडं बघता त्यांचं चुकत नाही.

आणि मग आलं २०१६. लातूरला त्या वर्षी प्यायला पाणी नव्हतं. एप्रिलमध्ये मिरजेहून कृष्णेचं पाणी टँकरच्या डब्यांतून रेल्वेनं लातूरला आणलं. १२ एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा तिला दहा डबे होते, सुमारे पाच लाख लिटर पाणी. नंतर पन्नास डब्यांची गाडी सुरू झाली, एका फेरीला पंचवीस लाख लिटर. टीव्हीवर सगळ्यांनी ही 'जलदूत' गाडी बघितली. पण ती कुठून कशी गेली हे बघा: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. म्हणजे बार्शी लाईट या टोकापासून त्या टोकापर्यंत, पूर्ण. शंभर वर्षांपूर्वी कापूस आणि वारकरी नेण्यासाठी टप्प्याटप्प्यानं जोडलेली लाईन कृष्णाकाठ आणि लातूर यांना थेट जोडून बसली होती, म्हणून हे सुचलं आणि जमलं. एका ॲक्सलवर पाच टन या हिशोबाच्या जुन्या रुळांवर ती पन्नास डब्यांची गाडी उभीसुद्धा राहिली नसती, हेही तितकंच खरं. वाट कॅलथ्रॉपची, ताकद रुंदीकरणाची. त्यामुळे "काय उरलं" याचं माझं उत्तर म्युझियममधल्या इंजिनाकडे जात नाही. ते या वाटेकडे जातं.

बाकी कुर्डुवाडीचं वर्कशॉप आहे. लातूरजवळ हरंगुळला रेल्वे डब्यांचा कारखाना झालाय, तोही याच लाईनच्या कडेला. सोलापूरहून तुळजापूरमार्गे धाराशिवला नवी लाईन होतेय, साधारण ८४ किलोमीटरची. ती झाली की ज्या गावाला बार्शी लाईटनं वगळलं होतं तेच जंक्शन होईल.

लाईट बघायला म्हणून जायचं असेल तर एक सुचवतो. रात्रीच्या एक्सप्रेसनं गेलात तर बराचसा मार्ग अंधारात जातो. त्यापेक्षा दिवसाच्या पॅसेंजरनं कुर्डुवाडीहून पंढरपूर-सांगोला-मिरज जा, नाहीतर बार्शीहून येडशीपर्यंत. रामलिंगजवळचा घाट पावसाळ्यानंतर बघण्यासारखा असतो. आणि ठाण्याहून तिकीट काढताना गाडी त्या दिवशी लातूरपर्यंत आहे की बीदरपर्यंत, ते बघून घ्या. २०१७ मध्ये ती बीदरपर्यंत वाढवली तेव्हा लातूरकरांनी आंदोलन केलं होतं, जागाच मिळणार नाही म्हणून. मग आठवड्यातले तीन दिवस बीदर आणि चार दिवस लातूर अशी विभागणी झाली. बार्शीला दोन्ही थांबतात, पण बीदरच्या दिवशी आरक्षण लवकर भरतं.