शैक्षणिक कर्ज, पहिली नोकरी आणि हप्ते : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : बी.ई.साठी राष्ट्रीयीकृत बँकेतून ६ लाखांचं कर्ज घेतलं, व्याजदर १०.५ टक्के. दर वर्षी दीड लाख थेट कॉलेजच्या खात्यात जमा झाले. आता चौथं वर्ष संपत आलंय. हप्ते सुरू व्हायला अजून वर्ष आहे, तरी बाकी साडेसात लाखांच्या वर दिसते. बँकेने काही चुकवलंय का? (विद्यार्थी, सांगली)

उत्तर : चूक दिसत नाही. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचं एक वर्ष, म्हणजे मोरॅटोरियममध्ये, हप्ता थांबतो. व्याज मात्र पैसे कॉलेजला गेल्या दिवसापासून चालू असतं. या काळात ते सरळव्याजाने धरलं जातं, त्यामुळे हिशेब तुम्हाला घरीही पडताळता येईल. दीड लाखावर वर्षाला १५,७५० रुपये. पहिल्या वर्षीच्या रकमेवर आतापर्यंत ४ वर्षांचं व्याज झालं, दुसरीवर ३, तिसरीवर २ आणि शेवटचीवर एका वर्षाचं. एकूण १,५७,५०० रुपये, म्हणजे बाकी ७,५७,५००. तुमच्या खातेउताऱ्यातला आकडा याच्या आसपास असेल तर हिशेब बरोबर आहे. व्याजदर तरता, म्हणजे वेळोवेळी बदलणारा, असेल आणि मध्ये बदलला असेल तर थोडा फरक पडेल. आकडा बराच जास्त असेल, तर व्याजावर व्याज लावलंय का, हे शाखेत लेखी विचारा.

पुढचं वर्ष काहीच भरलं नाही, तर आणखी ६३,००० वाढतील आणि हप्ता ८,२०,५०० वर बांधला जाईल. १० वर्षांच्या मुदतीला तो साधारण ११,०७१ रुपये येतो. निव्वळ ६ लाखांवर तोच ८,०९६ आला असता. फरक महिन्याला २,९७५ रुपयांचा, १० वर्षांत ३ लाख ५७ हजारांचा. साचलेलं व्याज सव्वादोन लाखांच्या आतच होतं, पण ते मुद्दलात मिसळलं की पुढची सगळी वर्षं त्यावरही व्याज चढतं. मंजुरीच्या वेळी हे कोणी समोर बसवून समजावत नाही, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून नोकरी लागल्याबरोबर, हप्त्याची वाट न पाहता, महिन्याला निदान ५,२५० रुपये भरायला लागा. सध्या दरमहा तेवढंच व्याज वाढतंय. जास्त जमलं तर मागचं साचलेलं व्याजही उतरवा. भरताना शाखेला अर्ज किंवा ई-मेल करून ‘ही रक्कम व्याजापोटी जमा करावी’ असं कळवा आणि पुढच्या उताऱ्यात तशी नोंद झाली का ते बघा. तुमच्या मागच्या वर्गातल्यांनाही सांगा : पहिल्या वर्षी हे व्याज महिन्याला जेमतेम १,३१२ रुपये असतं आणि घरून तेवढं भरलं जाऊ शकतं. शिक्षण चालू असताना नियमित व्याज भरणाऱ्यांना काही बँका व्याजदरात एक टक्का सवलत देतात. तुमच्या मंजुरीपत्रात ती ओळ आहे का ते पाहा.

हप्ता कमी दिसावा म्हणून १५ वर्षांची मुदत सुचवली जाईल. ८,२०,५०० वर तो ९,०७० रुपये येतो, म्हणजे महिन्याला २,००० वाचतात. पण एकूण व्याज ५ लाख ८ हजारांवरून ८ लाख १२ हजारांवर जातं. पगार खरोखरच पुरत नसेल तर लांब मुदत घ्या, मात्र वाढीव पगाराचे पैसे मुद्दलात भरत राहा. तरत्या व्याजदराच्या वैयक्तिक कर्जावर (शैक्षणिक कर्जही त्यात आलं) मुदतीआधी पैसे भरले म्हणून बँकेला दंड लावता येत नाही. त्या वेळी ‘हप्ता तोच ठेवून मुदत कमी करा’ असं लेखी द्या.

प्रश्न : हातात पगार ३४,००० येतो. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ९,४००, घरी ५,०००, कॉट बेसिसवर भाडं ६,५००, मेस ३,५००. म्युच्युअल फंडात दरमहा ३,००० ची एसआयपी आहे. क्रेडिट कार्डावर ४८,००० थकलेत, दरमहा २,४०० मिनिमम ड्यू (बिलातली किमान रक्कम) भरतो. आधी काय फेडू? (वाचक, हिंजवडी)

उत्तर : आधी कार्ड. महिन्याला साडेतीन टक्के धरले तर ४८,००० वर १,६८० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून १,९८२. तुम्ही भरता त्या २,४०० पैकी मुद्दलातून सुटतात जेमतेम ४१८ रुपये. शिवाय बाकी राहिली की नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते : आज घेतलेल्या किराण्यावर आजपासून व्याज. मिनिमम ड्यू भरून फक्त उशिराचा आकार टळतो आणि खातं थकीत दिसत नाही.

कार्ड कंपनीला फोन करून थकलेली रक्कम १२ हप्त्यांत बदलून मागा. १५ टक्के दर मिळाला तर हप्ता ४,३३२ येईल, त्यावर प्रक्रिया शुल्क आणि व्याजावरचा जीएसटी वेगळा. एसआयपी थांबवून ते ३,००० इकडे वळवा. वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात व्याज देत असताना म्युच्युअल फंडात पैसे घालण्यात अर्थ नाही. हे वर्षभर कार्ड घरी ठेवा आणि त्यावरून एटीएममधून रोख काढू नका, कारण त्यावर पहिल्या दिवसापासून व्याज असतं. कार्ड फिटलं की तीन हप्ते आणि तीन महिन्यांचं भाडं-मेस, म्हणजे तुमच्या बाबतीत ५८,२०० रुपये, वेगळ्या बचत खात्यात साठवा. एसआयपी त्यानंतर.

प्रश्न : पुढच्या महिन्यापासून माझा हप्ता सुरू होतोय आणि नोकरी नाही. बाबा एसटीतून निवृत्त झालेत, कर्जात ते सहकर्जदार आहेत. घरी फोन येतील या धास्तीने झोप लागत नाही. (वाचिका, अकोला)

उत्तर : तुमच्या हातात अजून महिना आहे, तो फार मोलाचा आहे. पहिला हप्ता चुकण्याआधी शाखा व्यवस्थापकांच्या नावे अर्ज द्या. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत बेरोजगारीच्या किंवा अपुऱ्या पगाराच्या काळात हप्त्याला स्थगिती देण्याची, तसंच सुरुवातीला लहान आणि पुढे वाढत जाणारे हप्ते बांधण्याची तरतूद आहे. ती आपोआप लागू होत नाही, मागावी लागते. अर्जात सहा महिन्यांची स्थगिती मागा. सोबत शेवटच्या वर्षाचं गुणपत्रक, नोकरीसाठी केलेल्या अर्जांचे ई-मेल आणि बाबांच्या पेन्शनचा उतारा जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच, शिक्का आणि तारीख घ्या. नुसतं काउंटरवर बोलून आलात तर महिन्याभराने त्याचा पुरावा कुठेच राहत नाही.

काहीच न करता हप्ता चुकला तर काय होतं तेही सांगतो. खात्यात पैसे नसताना हप्ता वजा व्हायला आला की तो बाउन्स होतो आणि दर वेळी आकार लागतो. ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्याची नोंद तुमच्या आणि बाबांच्या, दोघांच्याही सिबिलमध्ये, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, होते. म्हणून बाबांना आजच सांगा. त्यांना ते बँकेच्या फोनवरून कळू नये. दंड आकारला तरी तो मुद्दलात मिसळून त्यावर व्याज लावता येत नाही. वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करायला मनाई आहे. कोणी शेजाऱ्यांना फोन केला किंवा धमकावलं तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार करता येते. त्याला शुल्क नाही, चौकशीसाठी फोन १४४४८.

हप्ता भरायला कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे मात्र घेऊ नका. बँकेशी बोलून हप्ता मागेपुढे करता येतो. ॲपचं कर्ज काही आठवड्यांत परत मागितलं जातं आणि ते फेडायला दुसरं ॲप शोधावं लागतं.

प्रश्न : शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर प्राप्तिकरात मिळणारी ८०ई ची वजावट मला मिळेल की वडिलांना? (वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्या उत्पन्नातून जो व्याज भरतो त्याला. मुलाच्या शिक्षणासाठी स्वतः कर्ज काढून व्याज भरणाऱ्या वडिलांनाही मिळते. वजावट फक्त व्याजाची, तिला रकमेची मर्यादा नाही, आणि व्याज भरायला सुरुवात केली ते वर्ष धरून जास्तीत जास्त ८ वर्षं. नातेवाइकांकडून घेतलेल्या उसन्या पैशांना ती लागू नाही. ती जुन्या करप्रणालीतच आहे. तुमचा पगार वर्षाला ५-६ लाख असेल तर नव्या प्रणालीत तुम्हाला कर येतच नाही, तेव्हा या वजावटीसाठी जुनी निवडू नका.

प्रश्न : बहिणीला यंदा इंजिनिअरिंगला प्रवेश घ्यायचाय. आम्ही ओबीसी, उत्पन्न ४ लाख. तिच्यासाठीही कर्ज काढावं का? (वाचक, जालना)

उत्तर : आधी महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर अर्ज, मग कर्जाचा आकडा. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश कॅप फेरीतून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, हवा, व्यवस्थापन कोट्यातला चालत नाही. मग उरतो तो वसतिगृह, मेस आणि लॅपटॉपचा खर्च. कर्ज लागलंच तर तेवढ्यापुरतंच मागा. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असलेल्यांना केंद्राच्या योजनेत मोरॅटोरियममधलं व्याज अनुदान म्हणून मिळू शकतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांगा लागतात आणि दाखल्यावाचून दोन्ही अर्ज अडतात.