लंडनला जाताना दहा तास, येताना नऊ का?

प्रश्न : लेक लंडनला असते. मुंबईहून जाताना तिकिटावर दहा तास दाखवतात, येताना नऊ. अंतर तेवढंच, मग मधला तास जातो कुठे? आमचे हे म्हणतात, पृथ्वी फिरते म्हणून. खरं का? आणि अंतर नक्की किती?
– एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : ताई, पृथ्वीगोलावर दोरा ताणून मोजलं तर मुंबई ते हीथ्रो साधारण ७,२०० किलोमीटर भरतं. हा दोरा इराण, कॅस्पियन, काळा समुद्र असा वरच्या अंगानं युक्रेनवरून जातो. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे, त्यामुळे विमान वळसा घालतं आणि प्रत्यक्ष अंतर वाढतं. कोथरूड ते सहार हा प्रवास यात धरलेला नाही. बोरघाट कधी तुंबेल, हे आमच्या हवामान खात्यालाही सांगता येत नाही.

हो, मी त्याच खात्यातला. विमानतळावरच्या कार्यालयात वैमानिकांना वरच्या वाऱ्यांचे नकाशे देणं हे आमचं काम. नकाशावर वाऱ्याची काडी असते. तिला अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर), पूर्ण रेघ १० आणि भरीव त्रिकोण ५०. हिवाळ्यात उत्तर भारतावर दोन-दोन त्रिकोण सर्रास दिसायचे. म्हणजे ताशी १८५ किलोमीटरचा वारा, तोही पश्चिमेकडून पूर्वेकडे, दहा-बारा किलोमीटर उंचीवर, नेमका विमानांच्या वाटेत. हाच जेट स्ट्रीम.

आता हिशेब. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० धरा. वाटभर सरासरी ५० चा वारा समोरून आला तर जमिनीवरून वेग ८५०, पाठीमागून आला तर ९५०. सात हजार दोनशेला भागून बघा. जाताना साडेआठ तासांच्या आसपास, येताना साडेसातहून थोडं जास्त. तुमचा तास सापडला. वरचा दीड तास वळशाचा, धावपट्टीपर्यंत रांगत जाण्याचा आणि हीथ्रोवर घिरट्या घालण्याचा. तिकिटावरची वेळ विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर लागेपर्यंतची असते.

यजमानांचं म्हणणं. पुणं पृथ्वीबरोबर ताशी जवळजवळ १,५८० किलोमीटर वेगानं पूर्वेला चाललंय. हवा सोबत फिरत नसती, तर लोहगावहून वर जाऊन तासभर नुसतं थांबलं की खाली अरबी समुद्र आला असता. शिवाय मग लंडनच आपल्याकडे सरकत आलं असतं आणि जातानाच वेळ कमी लागला असता. पण त्यांना अगदीच खोडून काढू नका. विषुववृत्ताकडची हवा उत्तरेला सरकते तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळेच ती पूर्वेकडे वळते, आणि त्यातूनच हा जेट तयार होतो.

वाऱ्यापुढे किलोमीटर किती फिके, याचा माझा आवडता दाखला २०१६ चा. एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. अंतर सुमारे १४०० किलोमीटरनं वाढलं, तरी पाठीवर वारा असल्यानं विमान जवळपास दोन तास लवकर पोचलं.

जून-जुलैत हा जेट हिमालयापलीकडे सरकतो आणि मंदावतो. तेव्हा जाण्या-येण्यातला फरकही कमी होतो.