परदेशात मदत करायचीय: स्वतः जाऊ की पैसे पाठवू?

गेल्या अंकात परदेशातल्या गरीब कुटुंबांना मदत करण्याबद्दल चार ओळी काय लिहिल्या, प्रश्नांचा ढीगच आला. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, त्यामुळे पुन्हा पुन्हा आलेले चार प्रश्न घेतलेत.

प्रश्न: ताई, मला दोन आठवड्यांची रजा मिळतेय. कंबोडियातल्या एका अनाथाश्रमात मुलांना इंग्रजी शिकवायला जायचं मनात आहे. एजन्सी सगळं जमवून देते, फी बरीच आहे आणि विमानाचं तिकीट वेगळं. घरचे म्हणतात एवढे पैसे नुसते पाठवून दे की. पण मला प्रत्यक्ष काहीतरी करायचंय, ते फोटो बघून जीव तुटतो. जाऊ का?

उत्तर: नको जाऊस. इतकं फटकन सांगतेय कारण मी स्वतः हे करून बसलेय. अशाच एका आश्रमात (नाव नको, देशही नको) मी दहा दिवस होते, पहिल्या दिवशी वर्गात उभी राहून एबीसीडीचं गाणं सुरू केलं तर अख्खा वर्ग हातवाऱ्यांसकट माझ्या पुढे, झेड येईपर्यंत मी मागेच. मला वाटलं काय हुशार पोरं आहेत! मग फळ्याशेजारच्या भिंतीकडे लक्ष गेलं. माझ्या आधी येऊन गेलेल्यांच्या हातांचे रंगीत ठसे, प्रत्येकाखाली नाव आणि तारीख, आणि तारखांमध्ये जेमतेम पंधरा-पंधरा दिवसांचं अंतर. म्हणजे ते गाणं त्या पोरांना किती जणांनी शिकवून झालं असेल बघ, प्रत्येक जण ए पासूनच सुरू करणार कारण पुढचं शिकवायला कुणी थांबतच नाही. निघायच्या दिवशी एक चार-पाच वर्षांची मुलगी कमरेला मिठी मारून रडली, मी पण रडले, आणि गाडीत बसताना मागे वळून बघते तर ती नवीन आलेल्या बाईंचं बोट धरून त्यांना आतल्या खोल्या दाखवायला चालली होती.

कंबोडियाचं म्हणशील तर तिथे 2005 ते 2010 या पाच वर्षांत अनाथाश्रम 75 टक्क्यांनी वाढले, आणि युनिसेफने तेव्हा सांगितलं होतं की तिथल्या आश्रमांमधल्या चारपैकी जवळपास तीन मुलांची आई किंवा वडील, निदान एक जण तरी हयात आहे. मग एवढे आश्रम कशाला? तर बघायला येणारे वाढले म्हणून. गरीब आईबापाला सांगतात पोराला शाळा मिळेल, दोन वेळचं जेवण मिळेल, ते बिचारे विश्वास ठेवून पोर सोपवतात, इकडे पाहुणे येतात, फोटो काढतात, देणग्या देतात, आणि आश्रम भरलेला दिसायलाच हवा असतो ना, मग अजून पोरं आणा. तुझी फी नेमकी या चाकाला वंगण घालणार. तेच पैसे मुलाला आईजवळ ठेवूनच शाळेत पाठवायला मदत करणाऱ्या संस्थेला दे, अशा संस्था तिथेही आहेत.

तू नर्स असशील, पाण्याच्या योजनेचं काम येत असेल, काही महिने काढता येत असतील आणि तिथल्या लोकांनीच बोलावलं असेल तर गोष्ट वेगळी. आणि हो, त्या एजन्सीने तुझी पोलीस पडताळणी मागितली का? नसेल मागितली तर ती कुणालाही त्या पोरांमध्ये सोडते एवढं समजून घे.

प्रश्न: आम्ही काही निवृत्त मित्रांनी मिळून वापरण्याजोगे कपडे आणि उरलेली औषधं गोळा केली आहेत, आठ खोकी भरली. भूकंप-पुराच्या देशात पाठवायची आहेत. कुठे पाठवू?

उत्तर: काका, राग मानू नका, पण औषधं अजिबात नका पाठवू. बोस्नियातल्या युद्धात, 1992 ते 1996 च्या दरम्यान, अशी निरुपयोगी औषधं अंदाजे 17,000 टन येऊन पडली, मुदत संपलेली, अर्धवट वापरलेली, तिथल्या डॉक्टरांना लेबल वाचता येत नाही अशी, आणि ती नष्ट करायचा खर्चच कोट्यवधी डॉलरच्या घरात. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने 1996 मध्ये नियमच काढले की पेशंटकडून परत आलेली औषधं दान द्यायची नाहीत आणि पोचताना साधारण वर्षभराची तरी मुदत शिल्लक हवी. कपड्यांचंही तेच, निवडायला माणसं लागतात, ठेवायला गोदाम लागतं, आणि आपत्तीच्या वेळी नेमकं तेच नसतं. कपडे जवळपास कुणाला हवे असतील त्यांना द्या आणि खोकी पाठवायचं जे भाडं पडलं असतं तेवढे पैसे पाठवा.

प्रश्न: काही संस्था म्हणे गरिबांना थेट रोख पैसे देतात. हे मला पटत नाही. दारूतच जाणार ना? त्यापेक्षा बकरी, शिलाई मशीन असं काहीतरी द्यावं.

उत्तर: ही शंका मलाही होती, खोटं कशाला बोलू. पण दारू-तंबाखूवर नेमकं हेच तपासणारे 19 अभ्यास जागतिक बँकेच्या दोन संशोधकांनी एकत्र करून बघितले आणि रोख मिळाल्यावर हा खर्च वाढतो असं काही त्यांना आढळलं नाही.

केनियातलं उदाहरण सांगते. गिव्हडायरेक्टली नावाची संस्था आहे, ती मोबाइलवरच्या एम-पेसा खात्यात पैसे टाकते, मध्ये कुणी नाही. सियाया भागातल्या 653 गावांमध्ये 10,500 घरांना प्रत्येकी साधारण 1,000 डॉलर दिले. घर कसं निवडलं? छप्पर बघून. गवताचं असेल तर मिळणार, पत्र्याचं असेल तर नाही. आणि पैसे मिळाल्यावर बऱ्याच जणांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर पत्रे घातले. तुम्ही-आम्ही म्हणू हे काय, धंदा टाकायचा सोडून छप्पर? पण गवताचं छप्पर गळतं, दर एक-दोन वर्षांनी नवीन घालावं लागतं, तो खर्च कायमचा गेला की. हे आपल्याला सुचलं असतं का? आपण बकरीच दिली असती.

अर्थात शेजारच्या पत्र्याच्या घरात धुसफूस होणारच, पण तिथल्या अभ्यासात असंही निघालं की ज्यांना काहीच मिळालं नव्हतं त्यांचीही स्थिती सुधारली, कारण पैसा गावातल्याच दुकानात आणि मजुरीत फिरला, एका डॉलरमागे साधारण अडीच डॉलरची उलाढाल झाली, आणि महागाई जवळजवळ नाहीच. सगळं गोडगोड आहे असंही नाही बरं का, काँगोमध्ये याच संस्थेचे सुमारे 9 लाख डॉलर तिच्याच काही कर्मचाऱ्यांनी लाटले, आणि ते संस्थेने 2023 मध्ये स्वतःच जाहीर केलं. माझा विश्वास उलट त्यामुळे वाढला, तुमचा कमी झाला तर तेही चालेल. आणि बकरीच द्यायची असेल तर निदान चाऱ्याचं आणि डॉक्टरचं कोण बघणार एवढं संस्थेला विचारा.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, पैसे नाहीत, रोज रात्री तासभर वेळ आहे. घरबसल्या काही करता येईल का?

उत्तर: येईल, आणि मला विचारशील तर त्या दोन आठवड्यांच्या ट्रिपपेक्षा हे बरं. 2010 च्या जानेवारीत हैतीत भूकंप झाला तेव्हा राजधानीचा धड नकाशाच नव्हता, तो जगभरातल्या शेकडो लोकांनी घरी बसून उपग्रहाच्या फोटोंवरून ओपनस्ट्रीटमॅपवर (म्हणजे कुणालाही भर घालता येते अशा इंटरनेटवरच्या फुकट नकाशावर) काढला आणि तिथे उतरलेल्या पथकांनी तो वापरला. त्यातूनच ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीम उभी राहिली, 2014 पासून मिसिंग मॅप्स म्हणून अजून एक उपक्रम आहे, दोन्हीकडे फुकट खातं काढता येतं. लसीकरणाला किंवा साथीत जाणाऱ्यांना कुठे किती घरं आहेत हे आधी कळायला लागतं ना, त्यासाठी हा खटाटोप.

काम असं की नकाशाचे चौकोन पाडलेले असतात, तू एक चौकोन घ्यायचा, म्हणजे तो तेवढ्या वेळापुरता तुझ्या नावावर लॉक होतो, आणि त्यातलं एकेक घर माउसने कडेकडेने क्लिक करत काढायचं. कोपरे वाकडे आले तर क्यू दाबायचं, काटकोन होतात. गोल झोपडी असेल तर ओ. पत्र्याची छपरं चमकतात ती पटकन दिसतात, गवताची मातीच्या रंगात मिसळून जातात, तिथे सावली शोधायची. नंतर कुणीतरी अनुभवी माणूस तपासतो आणि चुकलं असेल तर शेरा मारून परत पाठवतो. मी पहिल्या रात्री मोठ्या उत्साहात चाळीसेक झोपड्या काढल्या होत्या, दुसऱ्या दिवशी शेरा आला, छान प्रयत्न, पण यातली अकरा झाडं आहेत.