कंटेंट रिपॉझिटरीतील, म्हणजे कागदपत्रे जपणाऱ्या डिजिटल कोठारातील, बिले मुदतीपूर्वी डिलीट होऊ नयेत, यासाठी डिलीटचे अधिकार काढणे पुरेसे आहे का?

पुरेसे नाही. आपली जीएसटीची बिले ॲमेझॉन एस३ या क्लाउड स्टोरेजवर आहेत, असे आपण लिहिले आहे. रिपॉझिटरीतील अधिकार फक्त रिपॉझिटरीतून येणाऱ्याला अडवतात. ज्याच्याकडे बकेटचे, म्हणजे एस३वरील फाइल ठेवण्याच्या कप्प्याचे, अधिकार आहेत, तो थेट स्टोरेजमधून फाइल काढू शकतो. म्हणून संरक्षण स्टोरेजच्याच पातळीवर, म्हणजे ठरलेल्या तारखेपर्यंत फाइल डिलीट होऊ न देणाऱ्या ऑब्जेक्ट लॉकने द्यावे. त्यासाठी बकेटवर व्हर्जनिंग, म्हणजे फाइलची प्रत्येक आवृत्ती वेगळ्या आयडीने जपण्याची सोय, चालू असावे लागते. लॉक असतानाही व्हर्जन आयडी न देता केलेले डिलीट यशस्वी झाल्यासारखे दिसते आणि कार्यालयात धावपळ उडते. प्रत्यक्षात वर फक्त डिलीट मार्कर, म्हणजे फाइल डिलीट झाल्याची खूण, बसलेला असतो आणि तो काढला की मूळ फाइल पुन्हा दिसते.

मी नागपुरात वाडीतील वाहतूकदारांच्या बिलांचे आणि बिल्ट्यांचे रिपॉझिटरी सांभाळतो. माझ्या मते खरी काळजी मुदत मोजताना घ्यावी लागते. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ३६नुसार हिशेब ७२ महिने जपायचे असतात, पण हे महिने बिलाच्या तारखेपासून नव्हे, तर त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून धरतात. एप्रिल २०२३च्या बिलासाठी ती तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते बिल ३१ डिसेंबर २०३०पर्यंत हवे. बकेटची डिफॉल्ट मुदत मात्र फाइल अपलोड झाल्यापासून मोजली जाते. तिथे सहा वर्षे टाकून मोकळे झालात, तर एप्रिल २०२३मध्येच चढवलेल्या बिलाचा लॉक एप्रिल २०२९मध्येच सुटेल. म्हणून आर्थिक वर्षावरून तारीख काढून ती प्रत्येक फाइलवर स्वतंत्रपणे नोंदवावी.

लॉकचे गव्हर्नन्स आणि कम्प्लायन्स असे दोन मोड आहेत; सुरुवात गव्हर्नन्स मोडने करावी, कारण त्यात विशेष परवानगी असलेल्याला चूक दुरुस्त करता येते. कम्प्लायन्स मोडमध्ये मुदत वाढवता येते, पण कमी करता येत नाही, अगदी रूट वापरकर्त्यालाही, म्हणजे खात्याच्या सर्वाधिकारी मालकालाही, नाही. चुकून वीस वर्षे टाकली, तर वीस वर्षे त्या जागेचे भाडे भरावे लागेल.

एखाद्या बिलावर अपील चालू असेल, तर त्यावर लीगल होल्ड, म्हणजे आपण काढेपर्यंत फाइल डिलीट होऊ न देणारी रोख, लावावा. त्याला मुदत नसते आणि तो लॉकच्या तारखेपासून स्वतंत्र असतो. अपील निकाली निघाल्यावरही संबंधित नोंदी आणखी एक वर्ष किंवा मूळ मुदत, यांपैकी जे उशिराचे असेल तोपर्यंत ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे निकाल लागला त्याच दिवशी होल्ड काढू नये.